कार्यारंभ आदेश आणि कुदळ: खानदेशातल्या एका आमदारकीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कशाबद्दल

जळगाव जिल्ह्यातला एक ग्रामीण विधानसभा मतदारसंघ, मुदत २०१९ ते २०२४. मतदारसंघ, पक्ष आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकाहून जास्त ठिकाणच्या घडामोडी एकत्र गुंफल्या आहेत. मतांचे आकडे मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत. सरकारी तारखा, मर्यादा आणि नियम मात्र जसेच्या तसे आहेत, कारण सगळा पेच त्यांच्यामुळेच पडला.

पार्श्वभूमी

आमदार पहिल्या खेपेचे. आधी जिल्हा परिषदेत एक टर्म केलेली. लोक त्यांना तात्या म्हणत, इथेही तेच म्हणू. २४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात ते काही हजारांच्या फरकाने आले.

मतदारसंघाचे ढोबळ तीन तुकडे. एक तालुक्याचं गाव, म्हणजे नगरपालिका. दुसरा नदीअलीकडचा बागायती पट्टा, केळी आणि कापसाचा. तिसरा नदीपलीकडची कोरडवाहू गावं. पलीकडून तालुक्याला यायला एक जुना फरशी पूल. पाऊस लागला की त्यावरून पाणी जातं आणि मग वीसेक किलोमीटरचा फेरा. कॉलेजची पोरं, दवाखान्यात न्यायची बाई, कापूस भरलेला ट्रॅक्टर, सगळं अलीकडे नाहीतर पलीकडे अडकतं. उंच पूल बांधू, हा तात्यांचा जाहीर शब्द होता. मतांचा फरकही पलीकडच्या गावांतूनच आला होता.

अडचण: पाच वर्षांत कामाचे दिवस किती

नव्या आमदाराला वाटतं, हातात साठ महिने आहेत. या मुदतीचं कॅलेंडर काढून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. निकालानंतर सरकार बनायलाच २८ नोव्हेंबर उजाडला, मंत्रिमंडळ विस्तार ३० डिसेंबरला झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला. सभागृहातून दबाव आणावा, तर २०२० चं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांचं, हिवाळी दोन दिवसांचं, २०२१ चं पावसाळीही दोनच दिवसांचं. तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचा) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना) ही आमदाराची हत्यारं, पण ती चालवायला सभागृह चालू लागतं.

त्यात आचारसंहिता. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायती, डिसेंबर २०२२ च्या ग्रामपंचायती, त्याला लागूनच ३० जानेवारी २०२३ ची नाशिक पदवीधर निवडणूक. आमदाराची स्वतःची निवडणूक नसली तरी गावात आचारसंहिता लागली की नवं काम सुरू करता येत नाही, उद्घाटन होत नाही.

आमदार निधी मात्र वाढत गेला: २०२० मध्ये वर्षाला तीन कोटी, २०२१ मध्ये चार, २०२२ मध्ये पाच. त्यातले २०२१ चे एक कोटी कोविडच्या कामासाठी वापरायला मुभा होती. तात्यांनी ते ग्रामीण रुग्णालयातला ऑक्सिजन आणि रुग्णवाहिका यांवर लावले. त्या निर्णयावर पुढे कोणीच बोट ठेवलं नाही, म्हणून त्याचा विस्तार इथे करत नाही.

समोरचे पर्याय

पुलाचं काम आमदार निधीत बसणारं नव्हतं. प्रमुख जिल्हा मार्गावरचा पूल म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचं काम, ५०५४ या लेखाशीर्षाखाली अर्थसंकल्पात घ्यावं लागतं. त्यामुळे पहिल्या वर्षी तात्यांपुढे दोन वाटा होत्या.

एक, पुलाचा नाद बाजूला ठेवायचा आणि २५१५ च्या, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या त्या लेखाशीर्षाच्या, निधीतून गावोगावी लहान कामं वाटायची: पेव्हर ब्लॉक, गटार, स्मशानभूमीचं शेड, सभामंडप. गावाला दहा-पंधरा लाखांचं काम, सरपंच खूश, फलकावर नाव. ही कामं वर्षाच्या आत दिसतात. दोन, मंत्रालयातली बरीचशी ताकद पुलावर लावायची. कार्यकर्त्यांचा कौल पहिल्या वाटेला होता. तात्यांनी दुसरी धरली. लहान कामं आमदार निधीतून जमतील तेवढी करू, २५१५ च्या याद्यांसाठी मंत्र्यांकडे खेटे घालायचे नाहीत, असं ठरलं. हा पहिला निर्णय. चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्याची किंमत पुढे कुठे मोजावी लागली ते निकालात दिसेल.

काय केलं, आणि कुठे अडलं

मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात पूल आला. पेढे वाटले गेले. खरं तर अर्थसंकल्पात नाव येणं म्हणजे रांगेत उभं राहायला जागा मिळणं. त्यापुढे भूस्तर तपासणीची बोअर, संकल्पचित्र, सविस्तर अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, जोडरस्त्याची जमीन, ई-निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या टेबलावर. तात्यांच्या माणसांनी मंत्रालयातल्या पायऱ्या चिकाटीने चढल्या. अडलं ते गावातच, जमिनीत.

उंच पुलाला दोन्ही बाजूंनी जोडरस्ता लागतो, आणि तो जुन्या रस्त्याच्या हद्दीत मावत नव्हता. सात खातेदारांची पट्टी घ्यावी लागणार होती. विभागाने खाजगी वाटाघाटीने थेट खरेदीचा मार्ग धरला, म्हणजे सगळ्यांची संमती हवी. सहा जण तयार झाले. सातव्या गटाच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव. वारस अकरा, त्यातले दोघे सुरतेला कापड कारखान्यात. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला, फेरफार धरला, हरकतीची १५ दिवसांची नोटीस निघाली, आणि एका चुलतभावाने हरकत घेतली. हरकतीचं कारण पुलाशी संबंधित नव्हतंच, बांधावरच्या विहिरीचा जुना वाद होता. मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावण्या झाल्या. त्यात महिन्यांमागून महिने गेले.

शेवटी सगळे वारस एका जागी आले ते ३ मे २०२२ ला, आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी. लेकीबाळी माहेरी, सुरतवाले गावी. घरात पुरणपोळी आणि आंब्याचा रस चालू असताना ओसरीवर संमतीपत्रावर अकरा सह्या झाल्या. जूनमध्ये निविदा सूचना निघाली.

३० जून २०२२ ला राज्यात सरकार बदललं. तात्या ज्या बाजूला होते ती बाजू सत्तेबाहेर गेली. जुलैमध्ये नव्या सरकारने आधीच्या सरकारच्या काळात, १ एप्रिल २०२१ पासून मंजूर झालेल्या पण कार्यारंभ आदेश न निघालेल्या कामांना स्थगिती दिली. पूल त्यात सापडला. निविदा उघडलीच गेली नाही.

स्थगितीनंतरचा निर्णय

इथे चार वाटा चर्चेत होत्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जायचं. बाजू बदलायची. पूल सोडून उरलेल्या काळात लहान कामांकडे वळायचं. किंवा पलीकडच्या गावांचे सरपंच पुढे करून पालकमंत्र्यांकडून स्थगिती उठवून घ्यायची.

न्यायालयाचा मार्ग कायद्याने खुला होता आणि राज्यात काहींनी तो धरलाही. पण खटला चालू असलेल्या कामाला विभाग हात लावायला कचरतो. जिंकलो तरी वर्ष जाईल, हा वकिलाचा अंदाज तात्यांनी मान्य केला. बाजू बदलण्याबद्दल घरात आणि वाड्यावर बरीच खलबतं झाली. कार्यकर्त्यांत सरळ दोन तट पडले. तात्यांनी ते केलं नाही, आणि त्यामागे तत्त्वापेक्षा हिशोब जास्त होता: दुसऱ्या बाजूला गेलं तर २०१९ चा पडलेला उमेदवार तिथे आधीच बसलेला, तिकिटाची खात्री नाही.

चौथी वाट धरली. शिष्टमंडळात तात्यांच्या विरोधात काम केलेले दोन सरपंच मुद्दाम पुढे बसवले. निवेदनावर आमदाराची सही नव्हती, ग्रामसभांचे ठराव जोडले होते. हिवाळी अधिवेशनात नागपूरला नियम १०५ खाली लक्षवेधी दिली होती, ती काही लागली नाही. तारांकित प्रश्नाला मात्र उत्तर आलं आणि त्यात काम 'प्रस्तावित' असल्याचं छापील कबूल झालं. तो कागद पुढे फार उपयोगी पडला. हा या प्रकरणातला सर्वांत कसबाचा भाग. श्रेय सोडलं म्हणून काम सुटलं. २०२३ मध्ये स्थगिती उठली.

पण वर्षभरात निविदेची वैधता संपली होती आणि दरसूची बदलली होती. अंदाजपत्रक नव्या दराने, सुधारित मान्यता, फेरनिविदा. कार्यारंभ आदेश निघाला मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात.

तो एक आठवडा

ठेकेदाराने विचारलं, उद्या मशीन लावू का. तात्या म्हणाले, थांबा, भूमिपूजन करून लावू. विरोधी बाजूचा आमदार असला तरी शासकीय कामाच्या भूमिपूजनाला राजशिष्टाचाराप्रमाणे पालकमंत्र्यांचं नाव पत्रिकेत लागतं, त्यांची वेळ घ्यावी लागते. वेळ मिळेना. कार्यकर्त्यांनाही घाई नव्हती, मंडप, जेवण, सत्कार यांची तयारी चालू होती.

१६ मार्चला दुपारी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. नियम स्पष्ट आहे: कार्यारंभ आदेश निघालेला असला तरी जागेवर काम प्रत्यक्ष सुरू झालेलं नसेल तर ते निवडणूक संपेपर्यंत सुरू करता येत नाही. सुरू असेल तर चालू ठेवता येतं. जागेवर एक कुदळ पडलेली असती, खड्डा खणलेला असता, उपअभियंत्याच्या मोजमाप वहीत एक नोंद असती, तर मार्च ते जूनचा कोरडा काळ, म्हणजे नदीतलं काम करायचा खरा हंगाम, हाती राहिला असता.

लोकसभेची आचारसंहिता जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. पण मधेच नाशिक शिक्षक मतदारसंघाची निवडणूक लागली होती, २६ जूनला मतदान. तिची आचारसंहिता खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांना लागू. विभागाने मार्गदर्शन मागवलं आणि कागद फिरत राहिला. जुलैत आचारसंहिता सुटली तेव्हा नदीला पाणी होतं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, तोवर दोन्ही काठांवर एकेक खड्डा आणि त्यातून वर आलेल्या सळया, इतकंच झालं होतं. विरोधकांच्या प्रचारात त्या गंजलेल्या सळयांचा फोटो होता.

दुसरी आघाडी, जिच्याकडे कोणी पाहिलं नाही

जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. या मुदतीत पुढे निवडणूक झालीच नाही. नगरपालिकेतही प्रशासक. म्हणजे गटाचा सदस्य नाही, गणाचा सदस्य नाही, नगरसेवक नाही. नळाला पाणी नाही, खांबावर दिवा नाही, निराधार योजनेचा पगार थांबला, या सगळ्या तक्रारी थेट आमदाराच्या दारात. रब्बीत तर सकाळी सात वाजता पहिलं वाक्य ठरलेलं: "तात्या, डीपी जयी गयी, आठ दिन व्हई ग्यात." म्हणजे विजेचं रोहित्र जळालं, आठ दिवस झाले. केळीला आठ दिवस पाणी नसेल तर घड भरत नाही, कापसासारखी ती वाट बघत नाही.

तात्या फोन लावायचे, जमेल तिथे काम व्हायचं. पण कोणाचा अर्ज आला, कोणाला फोन केला, रोहित्र कधी बसलं, याची नोंदवही नव्हती. सगळा कारभार स्वीय सहायकाच्या मोबाइलमध्ये. तो मोबाइल एकदा बदलला आणि जुन्या तक्रारी गेल्या त्या गेल्याच.

तशीच गत लाडकी बहीण योजनेची. २०२४ च्या जून-जुलैत महिन्याला १,५०० रुपयांची योजना आली. ती सरकारी बाजूची म्हणून तात्यांच्या कार्यकर्त्यांनी पहिले काही आठवडे अर्ज भरण्यात अंग काढून घेतलं. तोवर गावोगाव दुसऱ्या बाजूची शिबिरं लागली होती. तात्यांनी शिबिरं सुरू केली ती बँक खात्याला आधार जोडलेलं नसल्याने पैसे अडलेल्या बायांसाठी. काम उपयोगी, पण उशिराचं.

निवडणूक २०२४

अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २०, निकाल २३. खर्चाची मर्यादा ४० लाख. स्वतंत्र बँक खातं, रोजची खर्च नोंदवही, एका व्यक्तीला दिवसाला १०,००० पेक्षा जास्त रोख नाही, हे तात्यांच्या हिशेबनिसाला पाठ होतं. तरी एक नोटीस आलीच. एका सभेतल्या खुर्च्या आणि मंडपाचा खर्च त्यांनी मंडपवाल्याच्या बिलाप्रमाणे लिहिला, तर निवडणूक यंत्रणेच्या छाया नोंदवहीत तो जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे, बराच जास्त धरला होता. अशा नोटिशीला ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. वाद न घालता फरक मान्य करून नोंदीत घेतला. मर्यादेला धक्का लागत नसेल तर हेच शहाणपणाचं.

आपल्याच बाजूच्या एका बंडखोराला बसवण्याचा प्रयत्न माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चालला आणि फसला. त्याने घेतलेली मतं पराभवाच्या फरकाच्या आसपास होती. पण ती सगळी तात्यांनाच पडली असती, असं धरणं ही पडलेल्या उमेदवाराची नेहमीची समजूत आहे.

निकाल कसा वाचला

तात्या काही हजारांनी पडले. पहिल्या दोन दिवसांत चार कारणं सांगितली गेली: मतदानाचं मशीन, पैसा, बंडखोर, पूल. खरं कारण बघायला मतदान केंद्रनिहाय निकाल, म्हणजे नमुना २०, समोर घ्यावा लागतो. त्यात एक खोच आहे. पाच वर्षांत केंद्रांची फेररचना झालेली असते, त्यामुळे २०१९ चं केंद्र क्रमांक ८० आणि २०२४ चं ८० एकच नसतं. केंद्रं गावाप्रमाणे एकत्र करून मग तुलना करावी लागते. कार्यकर्त्यांनी पहिल्यांदा क्रमांकाने तुलना केली आणि नको त्या गावांना गद्दार ठरवून मोकळे झाले. ते निस्तरायला वेळ गेला.

गावाप्रमाणे मांडल्यावर पलीकडची गावं बहुतेक टिकलेली दिसली. अर्धवट खड्डे रोज बघणाऱ्यांनीच साथ दिली होती, कारण आखाजीच्या सह्यांपासूनची धडपड त्यांनी पाहिलेली. गळती झाली ती तालुक्याच्या गावात आणि अलीकडच्या बागायती पट्ट्यात. तिथे पुलाचं कोणाला काही नव्हतं. तिथे गटार होतं, डीपी होती, आणि २५१५ च्या यादीत पाच वर्षं नाव न आलेली गावं होती.

निकालानंतर तीन मुदती धावत होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, तीही सात दिवसांत. तेव्हा, २०२४ मध्ये, शुल्क दर संचाला ४०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० होतं. निवडणूक याचिका ४५ दिवसांत, म्हणजे ७ जानेवारी २०२५ पर्यंत. आणि खर्चाचा अंतिम हिशेब ३० दिवसांत, २३ डिसेंबरपर्यंत. तात्यांनी यंत्रांचा आणि याचिकेचा मार्ग सोडला. केंद्रावरच्या प्रतिनिधींकडून आलेल्या १७-क च्या, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या, प्रती मोजणीच्या आकड्यांशी जुळत होत्या. हिशेब मात्र मुदतीच्या आत दिला. पडलेले उमेदवार इथेच ढिले पडतात. तो दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि पुढची निवडणूक हातची जाऊ शकते.

वेगळं काय करता आलं असतं

जमीन आधी, अर्थसंकल्प नंतर. जोडरस्त्याची हद्द जागेवर मोजून घ्यायला आणि सातबारे तपासायला पूल मंजूर व्हावा लागत नाही. वारस नोंद २०२० च्या टाळेबंदीतसुद्धा सुरू करता आली असती. सुरतवालेही तेव्हा गावीच परतले होते. अर्थसंकल्पात नाव आल्या दिवशी सातही उतारे स्वच्छ असते, तर कार्यारंभ आदेश जून २०२२ च्या आत निघण्याची शक्यता होती, आणि स्थगिती लागलीच नसती.

भूमिपूजन आणि काम सुरू होणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्या होत्या. आदेश हातात पडला की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने आखणी करून खोदाई सुरू करावी, उपअभियंत्याने तारखेसह फोटो आणि नोंद ठेवावी. नारळ महिन्याने फोडला तरी चालतो. लोकसभा मार्चमध्ये जाहीर होणार हे शाळकरी पोरालाही माहीत होतं.

२५१५ चा निर्णय जास्त अवघड आहे. पुलासाठी लहान कामं सोडली, हे ठरवून केलं होतं. पण मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली तेव्हा परिस्थिती बदलली, आणि तेव्हा तो निर्णय पुन्हा टेबलावर घ्यायला हवा होता. तो कोणी घेतला नाही. अलीकडच्या पट्ट्यातल्या लोकांना मोठं काही नको होतं. डीपी जळाल्यावर तिसऱ्या दिवशी कोणीतरी उलटा फोन करून "बसली का?" एवढं विचारायला हवं होतं. त्यासाठी एक शंभर पानी वही आणि एक पगारी पोरगा पुरला असता. तात्यांच्या कार्यालयात ती वही आता आहे, डिसेंबर २०२४ पासूनची. पहिल्या पानावर नदीअलीकडच्या एका गावची ६३ केव्हीएची डीपी आहे, समोर 'बसली' असं लिहून तारीख टाकली आहे.